समोरच्या खिडकीतले आप्पा

चूक माझी आहे, आणि ती आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढे लिहिता लिहिता मी स्वतःला बरा माणूस ठरवून मोकळा होईन. ज्यांच्याबद्दल हे लिहितो आहे, त्यांनी मला विश्वासाने एक अर्ज भरायला दिला होता. त्या अर्जात मी खोटं लिहिलं. कुणी सांगितलं नव्हतं, त्यातून मला काही मिळणारही नव्हतं. निव्वळ हेव्यापोटी लिहिलं. वय एक्कावन्न, शाळेत लिपिक, कपाळाला रोज गंध. आणि हेवा कोणाचा, तर पंचाहत्तरीला आलेल्या एका बहिऱ्या विणकराचा.

त्यांचं नाव ओंकार आप्पा. बऱ्हाणपूरच्या आमच्या मिलच्या चाळीत लहान पोरांनाही एक नियम पाठ होता: आप्पा नजरेच्या टप्प्यात असतील तर कुजबुजायचं नाही. ओरडलात तरी चालेल, कारण अगदी कानाशी ओरडल्याशिवाय आप्पांना ऐकू येत नाही. पण कानात सांगितलेली गोष्ट ते साठ फुटांवरून वाचतात आणि मग ती सगळ्या चाळीला मोठ्याने सांगतात. आपला आवाज किती मोठा आहे हेही त्यांना ऐकू येत नसल्याने आप्पांचं 'हळूच सांगतो' पार शनवारा दरवाजापर्यंत पोचायचं.

ही विद्या त्यांना साळखात्यात मिळाली. साळखातं म्हणजे मिलमधला विणकामाचा विभाग. तिथे शेकडो साचे, म्हणजे माग, एकदम चालत. लहानपणी मी एकदाच दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, डबा घेऊन दारापर्यंत गेलो होतो. तो आवाज कानात नाही, छातीत शिरला. तिथे माणसं बोलून बोलणार काय? म्हणून ती ओठ हलवत आणि हात हलवत. अंगठा ओठाला लावला की चहा. मिशीला पीळ दिला की जॉबर, म्हणजे मुकादम, आला. नाकावर चिमूट म्हणजे बायको, आणि तीच चिमूट जोरात पिळली की बायको रागावली आहे. दादा आणि आप्पा समोरासमोरच्या रांगांत वीस-बावीस वर्षं उभे होते. मिल बंद पडली, साचे भंगारात गेले, पण या दोघांचं बोलणं काही बंद पडलं नाही.

चाळीच्या ओट्यावर रोज संध्याकाळी पाच वाजता दोघं बसायचे. मांडीला मांडी लावून नाही, समोरासमोर, कारण ओठ दिसायला हवेत. दोन तास हात चालायचे, तोंडं चालायची, आवाज शून्य. मध्येच दोघं एकदम खदखदून हसायचे. रस्त्याने जाणारा नवखा माणूस थबकायचा. आप्पा त्याला ओरडून सांगायचे, "पुढं चल रे भाऊ, धोटा उडंल!" चालू साच्यातून आडवं सूत नेणारा टोकदार धोटा सुटला तर गोळीसारखा येऊन डोकं फोडतो, तेव्हा साळखात्यात हा इशारा जिवावरचा होता. आप्पा तो सगळीकडे वापरत. पोरं पळाली, "धोटा उडंल!" दूध उतू गेलं, "उडाला धोटा!" कुणाची पोरगी कुणाचा हात धरून निघून गेली, तरी आप्पांच्या लेखी धोटाच उडाला.

आता माझ्या दुखण्याकडे येतो. दादा माझ्याशी बोलायचे नाहीत. भांडण नव्हतं. चाळिशीतच त्यांचे कान गेले, आणि घरात त्यांची भाषा चार-पाच शब्दांवर आली. 'जेवू', 'पंखा', 'दार', 'किती वाजले'. मी शाळेत पहिला आलो तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच ओट्यावर जाऊन आप्पांना ती बातमी सांगितली. किती सांगितलं! पाऊण तास हात चालू होते. मी दाराआडून बघत होतो. माझ्याबद्दल माझे वडील काय बोलतात हे मला सोडून त्या माणसाला कळत होतं.

मी ते हातवारे शिकायचा प्रयत्न केला. आठ-नऊ वर्षांचा असेन. दादांसमोर उभा राहून अंगठा ओठाला लावला. दादांनी माझा हात धरून खाली केला. "हे साळखात्यातलं आहे," ते म्हणाले, "तू पुस्तक घे." मला साळखात्यात जाऊ द्यायचं नाही म्हणून त्यांनी तसं केलं, हे आज समजतं. तेव्हा एवढंच समजलं की आप्पांशी बोलायचे हात माझ्याशी बोलायला मिळणार नाहीत.

माझं लग्न ठरलं तेही याच भाषेत. बहादरपूरला मुलगी बघायला गेलो होतो. केळीबागा असलेलं घर, मोठी ओसरी. दादांनी बरोबर आप्पांना घेतलं होतं, मामांना नाही. ओसरीच्या पलीकडच्या टोकाला माझे होणारे सासरे त्यांच्या भावाच्या कानाला लागले. आप्पांनी इकडून दादांना ओठांवर दोन बोटांची चिमूट धरून दाखवली. दादा इतके हसले की बशीतला चहा धोतरावर सांडला. मला काही कळेना. मग आप्पा सगळ्या ओसरीला ऐकू जाईल असं म्हणाले, "मुखदुर्बळ आहे, बरोबर बोलले तुम्ही पाटील! पण बायकोचं निमूट ऐकंल, हे पाहा ना!"

सासऱ्यांचा चेहरा पडला. आणि आतून, पडद्यामागून, हसण्याचा आवाज आला. ती वंदना. लग्न तिथेच ठरलं. ती अजून म्हणते, "आप्पा नसते तर तुम्ही खपलेच नसता." ती हसून म्हणते, मी हसून ऐकतो. पण माझ्या आयुष्यातला एवढा मोठा प्रसंग आप्पांनी पार पाडला, हे मला कधी पचलं नाही.

कळस केला माझ्या मुलीने. प्राचीने शाळेत असतानाच आप्पांकडून ती सगळी खुणांची भाषा उचलली. दादांनी तिचा हात खाली केला नाही. मिल राहिलीच नव्हती, मग भीती कशाची? मी कामावरून येई तेव्हा ओट्यावर तिघं हात हलवत असायचे. ती मला म्हणायची, "पप्पा, मैं बताऊं आजोबा काय म्हणतायत?" माझ्या वडिलांचं बोलणं मला समजावून द्यायला माझी मुलगी दुभाषी! मी म्हणायचो, "नको, मला काम आहे." काम काही नसायचं.

अशात मिलच्या जागेचा निकाल लागला. साळखात्याच्या जागी दुकानांची इमारत, मागे जुन्या चाळकऱ्यांसाठी चार-चार मजल्यांच्या दोन इमारती, ए आणि बी. लोकांना एकच चिंता: शेजारी कोण? तीन पिढ्या भिंतीला भिंत लावून राहिलेली माणसं. मग रहिवासी समितीने तोडगा काढला. प्रत्येकाच्या अर्जात एक रकाना ठेवला: 'शेजार कोणाचा हवा'. दोघांनी एकमेकांचं नाव लिहिलं तर त्यांना लागून घरं द्यायची. बाकीच्यांच्या चिठ्ठ्या टाकायच्या. समितीचा सचिव मी. चाळीत अक्षर बरं असलेला आणि फॉर्मांना न घाबरणारा दुसरा कोणी नव्हता.

त्याच आठवड्यात आप्पा भल्या सकाळी दारात आले. "सुधाकर, पुंडलिकच्या छातीत दुखून राहिलंय. परवापासून." पुंडलिक म्हणजे दादा. मी आत पाहिलं. दादा चहा पीत होते. मी त्यांच्या कानाशी ओरडलो, "छातीत दुखतं का?" त्यांनी मान हलवली, हो. "मला का नाही सांगितलं?" त्यांनी आप्पांकडे बोट केलं. सांगितलं की.

डॉक्टरांनी पित्त म्हणून गोळ्या दिल्या, पण मला विचारलं, "परसों से दर्द है और आपको आज पता चला? साथ ही रहते हैं ना?" मी काय सांगणार? साथ ही रहता हूं, पण बातमी बाजूच्या खोलीतून येते.

त्या संध्याकाळी आप्पा अर्ज घेऊन आले. आप्पांना सहीपुरतीच अक्षरं येत. म्हणाले, "तूच भर बाबा. शेजार पुंडलिकचा. बस. मजला कोणताही दे, नळ गळका दे, पण शेजार पुंडलिकचा." आणि खाली सही करून दिली, एकेक अक्षर रेखत. माझ्या तोंडाकडे बघत होते. आयुष्यभर लोकांचे ओठ वाचलेला माणूस. पण मी ओठ मिटून होतो आणि लिहीत होतो. त्या रकान्यात मी लिहिलं: 'कोणताही चालेल'. दादांच्या अर्जातही तेच लिहिलं.

चिठ्ठ्या निघाल्या. आम्ही ए इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, आप्पा बीमध्ये. दोन दिवसांनी आप्पा मला म्हणाले, "नशीब आहे रे. तू तर लिहिलंच होतं." मी म्हणालो, "हो ना." एवढंच म्हणालो. त्यांनी ते माझ्या ओठांवरून वाचलं आणि खरं मानलं.

मला वाटलं होतं, आता दादा माझ्या वाट्याला येतील. संध्याकाळी मी त्यांच्याजवळ बसेन, पाटीवर लिहून बोलू. पाटी आणली होती मी, खडूसकट.

नवीन घरातली पहिली संध्याकाळ. पाच वाजता दादांनी खुर्ची उचलली आणि बाल्कनीत नेली. मीही पाटी घेऊन मागे गेलो. पाहतो तर समोर बी इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत आप्पा! मधे साठ-सत्तर फुटांची मोकळी जागा. आप्पांनी अंगठा ओठाला लावला. दादांनी पोटावरून हात फिरवला. आणि दोघं सुटले. दादा माझ्याकडे वळून, कितीतरी वर्षांनी एवढं मोठं वाक्य बोलले: "साळखात्यात अस्साच समोर होता तो! एवढ्याच अंतरावर!" त्यांचा चेहरा असा फुलला होता की मी पाटी वंदनाला देऊन टाकली. तिने तिच्यावर दुधाचा हिशेब लिहायला सुरुवात केली.

म्हणजे त्यांची ताटातूट करायला गेलो आणि त्यांना साळखातं परत मिळवून दिलं. लोक खाली उभे राहून बघायचे. नव्या चौकीदाराला वाटायचं आप्पा आपल्यालाच बोलावतात. तो तीन मजले चढून जायचा, "दादाजी, आपने बुलाया?" आप्पांना ऐकू जायचं नाही; ते त्याला आग्रहाने बसवून मावा जिलेबी खायला घालायचे. चौथ्या दिवसापासून तो न बोलावताही जायला लागला. प्राची म्हणायची, "पप्पा, कसलं भारी आहे ना? बिना रिचार्जचा व्हिडिओ कॉल!" मी म्हणायचो, "हं."

दीड वर्ष असं चाललं. मग गेल्या दिवाळीनंतर दादा कुरकुरू लागले. प्राचीने मला सांगितलं, "आजोबा म्हणतात, आप्पा आजकल काहीही बोलतो. विचारलं जेवलास का, तर हसतो. सांगितलं पाय दुखतो, तर म्हणतो वा वा." दादांचे दोन्ही डोळे ऑपरेशन होऊन स्वच्छ झालेले; त्यांना समोरचं सगळं दिसायचं. त्यांचं म्हणणं एकच: "ऐकतच नाही तो. आपलंच दामटतो."

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. चाळीस वर्षांच्या कापडाला कुठेतरी कसर लागली म्हणायची. मी दादांना मुद्दाम ओरडून म्हटलं, "वय झालं त्यांचं, सोडून द्या." दादांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मोजे शोधायला आत गेलो.

होळीनंतर माझी ताई आली आणि दादांना आठ दिवसांसाठी रावेरला तिच्या घरी घेऊन गेली. आदल्या संध्याकाळी दादांनी बाल्कनीतून आप्पांना ते सांगितलं. मी होतो तिथे. गाडीची खूण, आठ बोटं, ताईची वेणी. आप्पांनी मान डोलावली, हसले, हात केला. झालं.

तिसऱ्या दिवशी शाळेतून येताना केळी आणि मेथी घेऊन फाटकात शिरलो. पाच वाजून गेले होते. सहज वर पाहिलं. आप्पा खिडकीत उभे. अंगठा ओठाला. मग थांबले, उत्तरासाठी थांबतात तेवढंच. मग मान हलवली, आणि काहीतरी लांबलचक सांगायला लागले. नाकावर चिमूट पिळली, मिशीला पीळ दिला, खिडकीच्या चौकटीवर थाप मारून हसले. पुन्हा थांबले.

मी आमच्या बाल्कनीकडे पाहिलं. दादा गेल्यापासून त्यांच्या खुर्चीवर वंदनाने गोधडी वाळत टाकली होती. पांढऱ्या खोळीची.

पहिल्यांदा मला हसू आलं. गोधडीशी गप्पा मारतात म्हणून. प्राचीला दाखवावं म्हणून मोबाइलही काढला. तेवढ्यात आप्पांनी हात पुढे करून बोटं हलवली. ती खूण मला येत होती, एवढी एकच: 'तू सांग'. आणि मग ते कितीतरी वेळ, डोळे बारीक करून, त्या गोधडीकडे बघत राहिले. मोबाइल खिशात ठेवला आणि बी इमारतीचा जिना चढलो. जवळजवळ दोन वर्षांत पहिल्यांदा.

दार उघडंच होतं. एक खाट, एक स्टूल, भिंतीवर काकूंचा, म्हणजे आप्पांच्या वारलेल्या बायकोचा, फोटो आणि सुरतला असलेल्या मुलाच्या लग्नाचा फोटो. मी खांद्याला हात लावला तेव्हा ते दचकले. माझ्या तोंडापाशी तोंड आणून पाहिलं. "कोण, सुधाकर? बस, बस. जरा थांब, पुंडलिकशी बोलून राहिलो."

मी त्यांच्या कानाशी ओरडलो, "आप्पा, दादा रावेरला आहेत! तीन दिवस झाले!"

दोनदा ओरडावं लागलं. मग त्यांचे हात खाली आले.

"तीन दिवस?" ते म्हणाले. "मग ते पांढरं काय आहे?"

"गोधडी." मी तसाच कानाशी ओरडून बोलत होतो.

स्टुलावर बसले. मग स्वतःच हसायला लागले. "उडाला धोटा! तीन दिवस गोधडीला जॉबरची गोष्ट सांगून राहिलो! पुंडलिकला सांगू नको हं. जन्मभर चिडवंल."

"कधीपासून दिसत नाही?"

"दिवाळीपासून. मोतीबिंदू पिकलाय म्हणे. समोर पांढरं हललं की समजायचं पुंडलिक आहे. तो काय बोलतो ते आपण अंदाजानं धरायचं. चाळीस वर्षं ऐकलंय, किती नवीन बोलणार तो?"

"मग त्यांना सांगायचं ना. कायले रोज उभं राहता?"

त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. "अरे, त्याला तर मी दिसतो ना! पाच वाजता खिडकी रिकामी दिसली तर घाबरंल तो. त्याला दुसरं बोलायला कोण आहे?"

माझ्या छातीत ते कुठे लागलं ते मी जाणतो.

ते सांगत होते, "ऑपरेशन करून टाक म्हणतो पोरगा, सुरतहून आला की. पण मग आठ दिवस पट्टी, खाली बघू नको, उभं राहू नको. आठ दिवस पुंडलिकनं काय गोधडीशी बोलायचं?" पुन्हा हसले. मग हसू ओसरलं, आणि पहिल्यांदा मी आप्पांना खरोखर हळू आवाजात बोलताना ऐकलं. "शेजारी असतो ना सुधाकर, तर डोळे गेले तरी चाललं असतं. हात हातात धरून बोटं चाचपली असती. तेवढ्यात समजतं आम्हाला. पण नशीब. चिठ्ठीत नाही निघालं, कोण काय करंल?"

"चिठ्ठीत नाही निघालं असं नाही," मी म्हणालो.

त्यांना ऐकू गेलं नाही. मी कानाशी वाकलो, पण ओरडता येईना. खिडकी उघडी होती, खाली चौकीदार होता, माणसं होती. दोन इमारतींनी ऐकलं असतं. मी घुटमळलो, आणि ते त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी माझी हनुवटी धरली आणि माझा चेहरा खिडकीच्या उजेडाकडे वळवला. वीतभर अंतरावर आले. त्यांच्या बुबुळांवरचा दुधाळ पडदा मला दिसत होता.

"ओरडू नको," ते म्हणाले. "ओठ दाखव. एवढ्या जवळून येतं मला अजून."

मी बोललो. पहिल्या खेपेला घाईत बोललो, खाली बघत. त्यांनी हनुवटी पुन्हा वर केली.

"सावकाश. परत सांग."

मग मी सावकाश सांगितलं, एकेक शब्द सुटा करून, त्यांच्या डोळ्यांत बघत. "आप्पा, त्या रकान्यात तुम्ही सांगितलं ते मी लिहिलं नाही. 'कोणताही चालेल' असं लिहिलं. दादा तुमच्याशी बोलतात, माझ्याशी नाही, म्हणून मला तुमचा हेवा वाटत होता. तुम्हाला त्यांच्यापासून नशिबाने नाही, मी तोडलं. मला माफ करा."